ग्रामोफोन आणि जुन्या तबकड्या: घेताना, मांडताना, वाजवताना

मिरजेला आत्याच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. घर विकायच्या आधी आवराआवर करताना ती खाली काढली आणि उघडली, तर आत जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलेल्या एकोणीस तबकड्या, सगळ्या एकावर एक आडव्या रचलेल्या आणि त्यांच्यावर पितळी भांड्यांचं ओझं. सात फुटल्या होत्या. उरलेल्या बारांत चार बालगंधर्वांच्या, दोन हिराबाई बडोदेकरांच्या, एक मास्टर कृष्णरावांची, बाकी कीर्तन, सनई वगैरे. तबकड्या वाजवायची पेटी कुठाय विचारलं तर आत्या म्हणाली, "ती केव्हाच भंगारात दिली रे, चावी मोडली होती तिची." तिथून माझं हे वेड सुरू झालं, आता चौदा वर्षं झाली, दोन चालू मशीन आहेत आणि चारशेच्या आसपास तबकड्या. या चौदा वर्षांत जे कळलं, काही विचारून, बरंचसं पैसे घालवून, ते नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ग्रामोफोन घ्यायचा तो वाजवायला घ्या. दिवाणखान्यात पितळी कर्णा चमकतोय एवढ्यासाठी घेतलात तर नव्वद टक्के तुम्ही फसणार, आणि नाही फसलात तरी सहा महिन्यांनी त्यावर धूळ बसलेली असेल. वाजवायला घेतलात की बाकीचे निर्णय सोपे होतात, कुठलं मशीन, कुठल्या रेकॉर्ड, घरात कुठं ठेवायचं, सगळंच.

आपण मराठीत सरसकट फोनो, फोनोग्राफ, ग्रामोफोन असं काहीही म्हणतो, पण विकत घेताना फरक माहीत पाहिजे. फोनोग्राफ हा एडिसनचा, १८७७ सालचा, त्यात तबकडी नसते, नळकांडं असतं, आधी कथलाच्या पातळ पत्र्याचं आणि मग मेणाचं. चपटी तबकडी आणली एमिल बर्लिनरनं, १८८७ साली, आणि त्याच्या यंत्राला नाव पडलं ग्रामोफोन. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं ते प्रसिद्ध चित्र आहे ना, फ्रान्सिस बॅरोचं, त्यात मुळात नळकांड्याचा फोनोग्राफच रंगवलेला होता, १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीनं चित्र विकत घेताना त्यावर रंग चढवून तबकडीचा ग्रामोफोन काढून घेतला. आपल्याकडे घराघरात जे होतं आणि आज बाजारात जे मिळतं ते जवळजवळ सगळं तबकडीचंच. कलकत्त्याला एच. बोस यांनी नळकांड्यांवर बरंच ध्वनिमुद्रण केलं होतं, पण ती नळकांडी आज हाताला लागणं म्हणजे नशीबच. चुकून एखादं मिळालंच तर बाहेरच्या बाजूला बोट लावू नका, दोन बोटं आत घालून ती फाकवून उचला, मेणावर बुरशी पटकन धरते आणि हाताच्या उष्णतेनंसुद्धा ते तडकू शकतं. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

तर मशीन कुठलं घ्यावं. माझं उत्तर गेली दहा वर्षं एकच आहे, सुटकेससारखी बंद होणारी पोर्टेबल पेटी, आणि त्यातही जमलं तर एचएमव्ही १०२. हे मॉडेल १९३१ ला आलं, त्याच्या आधीचं १०१ हे १९२५ चं, तेही चांगलंच आहे. बाहेरून काळं रेक्झिन, वर हँडल, बाजूला चावी, कर्णा दिसतच नाही कारण तो पेटीच्या आत दडवलेला असतो, आवाज मागच्या बाजूनं वर येतो आणि उघडलेल्या झाकणावर आपटून समोर येतो. म्हणून ही पेटी वाजवताना झाकण पूर्ण उघडं आणि ऐकणाऱ्याकडे तोंड करून ठेवायची. दिसायला साधी, पण आवाज असा भरदार की पहिल्यांदा ऐकणारा माणूस स्पीकर कुठं लपवलाय म्हणून शोधतो. एवढी माणसं घरी आली आणि प्रत्येकानं वाकून पेटीच्या मागं बघितलंय.

आता कर्ण्यावाल्यांबद्दल. मी पहिलं मशीन तेच घेतलं होतं, पाकळ्या पाकळ्यांचा सोनेरी कर्णा, अष्टकोनी लाकडी पेटी, पुढं कुत्र्याची पितळी पट्टी, अठरा हजार रुपये मोजले. घरी आणून लावलं तर आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा आणि तिसऱ्या रेकॉर्डला सुई उड्या मारायला लागली. दुरुस्तीवाल्या काकांनी पेटी उलटी केली, खालचे स्क्रू बघितले आणि मला म्हणाले, "हे प्लसचे स्क्रू बघा, १९१० सालच्या मशीनला हे कुठून आले?" खरंच होतं, तो चौफुलीचा स्क्रू बाजारात आला तोच १९३० नंतरच्या दशकात. आत मोटर एका मोडक्या पोर्टेबलची, साऊंड बॉक्सही, म्हणजे सुई बसते आणि आवाज निघतो तो गोल डबा, त्याच्यातलाच, बाकी सगळं नवं करून जुनं दिसावं म्हणून पॉलिश मारलेलं. म्हणजे त्या एका खोट्या मशीनसाठी कुणीतरी एक खरी पेटी मोडली होती, याचं वाईट मला पैशापेक्षा जास्त वाटलं. अशी मशीन आपल्याकडे भरपूर बनतात, परदेशातही जातात.

ओळखायचं कसं, तर स्क्रू हा पहिला पुरावा, आडव्या एका खाचेचे असले पाहिजेत. कर्णा फार पिवळाधमक आणि पातळ पत्र्याचा असेल तर शंका घ्या, खऱ्या जुन्या मशीनचे बरेच कर्णे रंगवलेल्या लोखंडी पत्र्याचे किंवा लाकडाचे असायचे. कर्णा ज्या कोपरावर बसतो तो मागचा जाड पाईप ओबडधोबड ओतलेला दिसतो, हात लावून हलवला तर खडखडतो. कुत्र्याची पट्टी अंधुक, अक्षरं बुजलेली, कधी कधी तर स्पेलिंगच चुकीचं. लाकडाला ताज्या पॉलिशचा वास. आणि विकणारा जर "शंभर वर्षांचं आहे, राजवाड्यातलं आहे" म्हणायला लागला तर नमस्कार करून पुढं निघा.

बघायला जाताना सोबत दोन गोष्टी न्या, घरातली एखादी जाडसर पण मोलाची नसलेली तबकडी आणि नव्या सुयांची डबी. पंधरा-वीस फेरे चावी भरा, हाताला ती एकसारखी जड होत गेली पाहिजे, मध्येच "खट्" होऊन सैल पडली तर स्प्रिंग तुटलेली किंवा सुटलेली आहे. मग ब्रेक सोडा आणि नुसती थाळी फिरू द्या, कान जवळ नेऊन ऐका, मंद घरघर चालेल, पण ठोके पडत असतील तर गिअर खराब. मग रेकॉर्ड लावून शेवटपर्यंत वाजवा, अर्धी वाजवून "छान आहे" म्हणायचं नाही, कारण स्प्रिंगमधलं जुनं ग्रीस वाळलं असेल तर दुसऱ्या मिनिटानंतर आवाज झोकांड्या खायला लागतो आणि गाणारा बुवा आजारी असल्यासारखा वाटतो. साऊंड बॉक्स नीट बघा, त्याच्या आतला पडदा अभ्रकाचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो, फाटलेला नको. त्याच्या भोवतीचं रबर मात्र बहुतेक वेळा दगड झालेलं असतं, त्याला घाबरू नका, ती दुरुस्ती स्वस्तात होते आणि झाल्यावर आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मशीन घरी आलं की वेगाची तपासणी करा. तबकडीखाली कागदाची पट्टी थोडी बाहेर डोकावेल अशी ठेवा, सुई लावून रेकॉर्ड चालू करा आणि मोबाईलवर तीस सेकंद लावून पट्टी किती वेळा समोरून जाते ते मोजा, एकोणचाळीस झाली म्हणजे मिनिटाला बरोबर ७८ फेरे, हाच या तबकड्यांचा वेग, म्हणून त्यांना नुसतं ७८ असंही म्हणतात. सुई लावूनच मोजायचं कारण सुईच्या ओझ्यानं थाळी थोडी हळू होते. कमीजास्त असेल तर थाळीजवळ छोटा काटा किंवा स्क्रू असतो तो फिरवायचा. एक लक्षात ठेवा, १९२५ च्या आधीच्या सगळ्या रेकॉर्ड अगदी ७८ वरच केलेल्या नाहीत, काही कमी तर काही जास्त फेऱ्यांवर आहेत, त्यामुळे फार जुन्या रेकॉर्डवरची बाई किंवा बुवा विचित्र उंच पट्टीत गायला लागले तर वेग थोडा उतरवून बघा, कुठंतरी एका जागी गळा माणसासारखा होतो, तीच जागा.

तेलपाणी वर्षातून एकदा. गव्हर्नरच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या, तीन गोळ्या जिथं फिरतात त्या दांड्याच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि ज्या चामड्याच्या तुकड्यावर त्याची चकती घासते त्यालाही थोडं तेल पाजायचं. एवढं घरी करा. स्प्रिंगचा डबा मात्र उघडू नका, अजिबात नाही, आत गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटली तर बोटं कापते, ते काम जाणकाराचं. ऐकून झालं की चावी उतरवून ठेवायची, म्हणजे स्प्रिंग पूर्ण ताणलेली ठेवून पेटी महिनोनमहिने कपाटात टाकायची नाही.

आता सुई. यावर मी नेहमी जास्त बोलतो कारण इथं लोक रेकॉर्डचा खून करतात. पोलादी सुई एका बाजूला एक. एक बाजू वाजली की सुई फेकायची, बाजू पलटली की नवी. खूप जणांना ही उधळपट्टी वाटते, "अजून टोकदार आहे की" म्हणतात. एकदा वापरलेली सुई भिंगाखाली धरून बघा, टोकाला दोन्ही बाजूंना सपाट चकाकते पैलू पडलेले दिसतात, छिन्नीसारखे. हे होतं कारण ७८ च्या तबकडीत दगडाची पूड मुद्दामच मिसळलेली असायची, तिनं पहिल्या काही फेऱ्यांत सुई घासून खाचेच्या मापाची करायची अशीच योजना होती. म्हणजे झिजायचं सुईनं, रेकॉर्डनं नाही. तीच छिन्नी झालेली सुई दुसऱ्या रेकॉर्डला लावली की मग ती खाच खरवडत जाते, आणि वर साऊंड बॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढं. याच कारणानं आत्ताची किंवा सत्तर-ऐंशीच्या दशकातली व्हिनाईलची एलपी चावीच्या ग्रामोफोनवर कधीही लावू नका, एका फेरीत तिचं वाटोळं होतं.

सुया आजही नव्या बनतात, शंभर-दोनशेच्या पुडीत मिळतात, स्वस्त आहेत. जाड सुई जोरात वाजते, बारीक हळू. जुन्या डब्यांवर लाऊड टोन, मीडियम, सॉफ्ट टोन असं लिहिलेलं असतं ते हेच. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सॉफ्ट घ्या, शेजाऱ्यांसाठी तर आहेच पण रेकॉर्डही कमी झिजते. जुन्या पत्र्याच्या डब्या, कुत्र्याचं चित्र असलेल्या, त्या जमवायला फार सुंदर, पण आतल्या गंजक्या सुया वापरायच्या नाहीत. डबी मांडणीत, सुया नव्या.

तबकड्या कुठं मिळतात. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटवर दुकानं आहेत आणि शुक्रवारी रस्त्यावर पथाऱ्या पडतात, सकाळी लवकर गेलात तर काही मिळेल, अकराला गेलात तर उरलंसुरलं. पण माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात चांगल्या रेकॉर्ड बाजारात मिळत नाहीत, त्या माळ्यावर मिळतात. सांगली, मिरज, कोल्हापूर, धारवाड या पट्ट्यात गाणं घराघरात होतं, तिथं नातेवाईकांना, आईच्या मैत्रिणींना, वाडा पाडणाऱ्या ओळखीच्या माणसांना सांगून ठेवा की फेकायच्या आधी मला फोन करा. आणि कुणी दिल्या तर फुकटात उचलून आणू नका, योग्य पैसे द्या किंवा निदान त्यातली गाणी मोबाईलवर घेऊन त्यांना ऐकवा. एका आजींनी मला त्यांच्या वडिलांच्या रेकॉर्ड दिल्या, मी त्या साफ करून मुद्रण करून पाठवलं, तर त्यांनी तीन दिवसांनी फोन केला आणि नुसत्या रडल्या, म्हणाल्या हे ऐकत मी परकर नेसून झोपाळ्यावर बसायचे.

घेताना तबकडी तपासायची रीत आपल्याला घरातच माहीत आहे. माठ घेताना काय करतो, टिचकी मारतो. तसंच. तबकडीच्या मधल्या भोकात बोट घालून ती लटकती धरा आणि कडेला नखानं हलकी टिचकी मारा. अख्खी असेल तर खणखणीत वाजते, केसाएवढी जरी चीर असेल तर भद्द, फुटक्या कपासारखा आवाज येतो. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते. मग उजेडात तिरकी धरून बघा, काळी चकचकीत म्हणजे कमी वाजलेली, राखाडी पडली असेल तर खाचा झिजल्या, त्यातून गाण्यापेक्षा खरखर जास्त येणार. वरवरचे बारीक ओरखडे फार मनावर घेऊ नका, नखाला लागणारा ओरखडा मात्र दर फेरीला ठोका देतो. बऱ्याचदा असंही होतं की एक बाजू पार उडालेली आणि दुसरी कोरी करकरीत, कारण घरात एकच पद आवडीचं असायचं. अशी दिसली तर मी घेतोच, कोरी बाजू ऐकायला मिळते आणि उडालेल्या बाजूवरून त्या घराची आवड कळते.

लेबल वाचायला शिका, त्यातच अर्धी मजा आहे. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झालं, ते करायला कंपनीचा फ्रेड गायसबर्ग आला होता, गौहर जान गायली होती. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून बोटीनं परत यायच्या, १९०८ पासून कलकत्त्यात सियालदाला छापायला लागले. म्हणून लेबलवर हॅनोव्हर दिसलं आणि लेखणी धरलेला पंखवाला बालदेवदूत दिसला तर हात जपून लावा, ती फार आधीची आहे. त्यातल्या पुष्कळ तबकड्या एकाच बाजूला वाजतात, मागची बाजू सपाट. त्या काळातल्या गाण्याच्या शेवटी गाणारे स्वतःचं नाव मोठ्यानं सांगतात, कारण तिकडं छापणाऱ्याला लेबल कुणाचं लावायचं हे कळावं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता माझ्या, शंभर वर्षांपूर्वी मेलेला माणूस शेवटी धाप लागलेल्या आवाजात नाव सांगतोय.

माईक नव्हता तेव्हा, गायचं ते थेट मोठ्या भोंग्यात तोंड घालून ओरडून, विजेवरचं मुद्रण परदेशात १९२५ ला आलं आणि आपल्याकडे त्यानंतर लवकरच. गायक-नट केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं जे काही तबकडीवर आहे ते सगळं भोंग्यातलं. त्यामुळे त्यांचा आवाज रेकॉर्डवर बारीक वाटला तर त्यांच्या गळ्याला दोष देऊ नका. उलट बालगंधर्वांच्या दोन्ही काळातल्या मिळतात, भोंग्याच्या आणि माईकच्या, दोन शेजारी ठेवून लागोपाठ वाजवून बघा, माझ्याकडे पाहुण्यांना मी हेच आधी ऐकवतो. दहा इंचीवर साधारण तीन मिनिटं, बारा इंचीवर चार-साडेचार, एवढ्यात आलाप, अस्ताई, अंतरा, ताना सगळं बसवायचं, त्यातून त्या गाण्यांना एक नेमकेपणा आलाय.

एचएमव्हीशिवाय ओडियन, कोलंबिया, ट्विन आणि मुंबईची यंग इंडिया ही नावं दिसली तर थांबून वाचा, यंग इंडियावर मराठी माल भरपूर आहे आणि लोक त्याला कमी लेखतात म्हणून स्वस्तात मिळतो. हिंदी सिनेमाच्या पन्नासच्या दशकातल्या रेकॉर्ड ढिगानं मिळतात, त्यांना जास्त पैसे देऊ नका. ७८ च्या तबकड्या आपल्याकडे साठच्या दशकातही छापल्या जात होत्या, बाकी जगात बहुतेक ठिकाणी थांबल्या होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा ७८ भारतात निघाल्या आणि त्या परदेशी लोक शोधत असतात. अडचण आली, एखादी तबकडी कधीची हे कळत नसेल, तर मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, त्या लोकांनी यादी करण्याचं जे काम केलंय त्याला तोड नाही.

साफ करणं. आधी एक नियम, स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, कोलीन नाही. ७८ ची तबकडी लाखेची आहे, आणि सुतार फ्रेंच पॉलिश कशात बनवतो, लाखेचा चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो ना, तसंच तुमचं गाणं विरघळेल. माझ्या ओळखीतल्या एकांनी लॉकडाऊनमध्ये पंचवीस तबकड्या सॅनिटायझरनं पुसल्या, सगळ्या गेल्या, वर पांढरट साय आली आणि खाचा लिबलिबीत झाल्या. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ते घ्या, वाटीभर पाण्यात बेबी शाम्पूचे दोन थेंब, मऊ ब्रश, लेबलवर एखादं प्लास्टिकचं झाकण दाबून धरा म्हणजे ते भिजणार नाही, आणि खाचेच्या दिशेनं गोल गोल ब्रश फिरवा, आडवा नाही. मग नुसत्या पाण्यानं एकदा, मऊ सुती कापडानं टिपून घ्या, धोतराचा जुना तुकडा यासाठी सर्वात उत्तम, आणि भांड्यांच्या रॅकमध्ये ताटं लावतो तशा उभ्या करून पंख्याखाली वाळवा. उन्हात नाही. ऊन लागलं की लाख मऊ होते आणि तबकडी पापडासारखी वाकते. पहिल्या धुण्यात पाणी किती काळं होतं ते बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल, आणि त्यानंतरचा आवाज ऐकून जास्त.

ठेवायच्या उभ्या. आत्याच्या ट्रंकेतल्या सात तबकड्या ज्या फुटल्या त्या आडव्या रचल्यामुळे. पण उभ्या म्हणजे सरळ उभ्या, तिरक्या टेकलेल्या नाहीत, म्हणून दर पंधरा-वीस तबकड्यांमागं एक फळीची आडकाठी असलेलं कपाट करून घ्या. दहा इंचीसाठी आतून अठ्ठावीस सेंटीमीटर उंची, बारा इंचीसाठी तेहेतीस, आणि दोन्ही एका खणात मिसळू नका, मोठ्यांच्या आधारानं लहान वाकतात. सुताराला वजन आधी सांगा, एक दहा इंची तबकडी साधारण दोनशे ग्रॅम म्हणजे शंभर झाल्या की वीस किलो, पातळ फळी मध्ये झोळ घेते. माझ्या पहिल्या कपाटाची फळी दोन वर्षांत वाकली.

प्रत्येक तबकडीला कागदी पाकीट, प्लास्टिक नको, आपल्या हवेत आत दमट कोंडतं आणि बुरशी धरते. जुनी खाकी पाकिटं मिळाली तर ती फेकू नका, त्यांच्यावर गिरगावातल्या, लक्ष्मी रोडवरच्या, कोल्हापुरातल्या दुकानांची नावं छापलेली असतात, कधी मागं पेन्सिलीनं तारीख आणि किंमत. माझ्याकडे एकावर लिहिलंय, "चि. सौ. हिच्या वाढदिवसास". ती फाटकी असतील तर तबकडी नव्या पाकिटात आणि जुनं पाकीट तिच्या मागं सपाट ठेवा, जोडी तोडू नका.

आता मांडणी. मशीनची जागा आधी ठरवा, कारण ते वाजलं पाहिजे. माझी पेटी गुडघ्याच्या थोडी वर उंचीच्या भक्कम टेबलावर आहे, भिंतीपासून वीतभर पुढं, खोलीकडे तोंड करून, शेजारी सुयांची डबी आणि वापरलेल्या सुया टाकायला एक पितळी वाटी. खिडकीतलं ऊन पेटीवर किंवा कपाटावर येत असेल तर जागा बदला, पश्चिमेची खिडकी सगळ्यात वाईट, लेबलं वर्षा-दोन वर्षांत फिकी पडतात. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको, फोडणीचा तेलकट थर कशावरही बसतो. आणि टेबल डुगडुगतं नको, लहान मूल धावलं तरी सुई उडते.

भिंतीवर तबकड्या लावायची खूप जणांना हौस असते, लावा, पण फुटलेल्या लावा. चीर गेलेल्या, एक तुकडा उडालेल्या, वाजण्याच्या पलीकडे गेलेल्या, त्यांची लेबलं सुंदर असतात आणि त्यांना ही जागा शोभते. चांगली वाजणारी तबकडी खिळ्यावर टांगलेली बघितली की मला राहवत नाही. आमच्याकडे आत्याच्या त्या सात फुटक्या तबकड्यांचे तुकडे जुळवून एका खोल काचेच्या फ्रेममध्ये बसवलेत, मागं त्याच लुगड्याचा तुकडा लावलाय. दारातून आत आल्यावर समोर तीच दिसते. काचेच्या कपाटात सुयांच्या डब्या, जुने कॅटलॉग, नाटकातल्या पदांची पुस्तकं, मोकळे पडलेले साऊंड बॉक्स असं मांडता येतं, पण गर्दी करू नका, दर दोन-तीन महिन्यांनी चार वस्तू बदला, घरातली माणसंही मग थांबून बघतात. वर पिवळा बल्ब लावू नका, तो तापतो, एलईडीची पट्टी पुरे.

दुर्मीळ तबकडी वारंवार चावीच्या मशीनवर लावू नका. ७८ चा वेग असलेला विजेवरचा टर्नटेबल आणि त्याला ७८ ची वेगळी सुई घ्या, ही सुई एलपीच्या सुईपेक्षा तिपटीहून जाड असते, साधी एलपीची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर उचलते. त्यावरून एकदा नीट मुद्रण करून ठेवा, मूळ खरखरीसकट एक प्रत आणि हवी तर साफ केलेली दुसरी. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो, त्यामुळे कुठं टाकायचं असेल तर आधी बघून घ्या. घरात ऐकायला काहीच अडचण नाही.

आणि एक वही करा, कॉम्प्युटरवर पण चालेल. नंबर, लेबल, गायक, पद, कुठून मिळाली, कुणाची होती. मी पहिल्या शंभर तबकड्यांची "कुणाची होती" ही ओळ लिहिली नाही, आता आठवत नाही आणि ज्यांना विचारायचं ती माणसं राहिली नाहीत.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, खास करून मुंबई-कोकण-गोव्याकडच्यांना. जूनच्या आधी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर महिन्याला तव्यावर मंद गरम करून परत वापरा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा म्हणजे ओल येत नाही. कसर आधी पाकिटं खाते आणि मग लेबलची खळ, म्हणून दर पंधरा दिवसांनी दोन-चार पाकिटं काढून बघा. पेटीचं झाकण आठवड्यातून एकदा तासभर उघडं ठेवा आणि एखादी रेकॉर्ड लावाच, मोटर फिरली की तेल पसरतं आणि रेक्झिनखालचं लाकूड वास धरत नाही. आमच्याकडे गणपतीच्या आधीच्या रविवारी सगळ्या तबकड्या खणाखणानं बाहेर निघतात, मुलगी पुसते, मी टिचकी मारून वहीत खूण करतो, आणि दर दहा तबकड्यांनी एक वाजवायची असा तिनंच नियम केलाय, त्यामुळे जे काम दोन तासांत व्हावं त्याला रात्रीचे नऊ वाजतात.